पोचा आणि भरवसा

भांड्याला पोचा पडणे आणि तो काढून आणणे ही आपल्या घरांतून फार काळ चालत आलेली गोष्ट आहे. हंडा विहिरीच्या काठावर आपटला, पातेले हातातून निसटले, की ते उचलायचे आणि तांबटाकडे जायचे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देऊन त्याला आकार आणि बळकटी आणण्याच्या तिथल्या कामाला ‘मठार’ असा खास शब्द आहे. तांबट आपल्यासमोर ठोकत असे. काम उघड्यावर चाले, आणि ते चांगले झाले की नाही हे भांड्यात पाणी भरले की त्याच दिवशी कळे. त्यामुळे कोणता तांबट भरवशाचा, असा प्रश्न कुणाला फारसा पडत नसे.

आता पोचा पडतो तो दारातल्या मोटारीला. मंडईच्या गर्दीत रिक्षा घासते, सोसायटीच्या खांबाला मागचा बंपर भिडतो, शेजारची दुचाकी उभ्या गाडीवर कलंडते. मग एक फोन होतो, “अहो, गाडी कुठे टाकू?” या प्रश्नात भाव किती हे विचारलेले नसते, कुणावर विश्वास ठेवू, हे विचारलेले असते. मोटारीचा पोचा काढण्याचे काम तांबटाच्या कामाहून एका बाबतीत अगदी निराळे आहे. येथे झालेले काम रंगाखाली झाकले जाते. चांगल्या कामावरचा रंग आणि वाईट कामावरचा रंग पहिल्या दिवशी सारखाच चकाकतो.

मी अर्थशास्त्र शिकवतो. या अडचणीला आमच्या शास्त्रात मोठे स्थान आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटासा निबंध लिहिला. त्याचा विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. अमेरिकन बोलीत फसव्या मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात. विकणाऱ्याला गाडीतली खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. मग चांगली गाडीवाला बाजारातून निघून जातो आणि उरतात ती लिंबे. २००१ साली अकरलॉफना इतर दोघांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ साली डार्बी आणि कार्नी या दोघांनी आणखी पुढची गोष्ट सांगितली. काही मालाचा कस विकत घेण्यापूर्वी कळतो, काहींचा वापरल्यावर कळतो, आणि काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यावरही त्यांची प्रत ग्राहकाला कळत नाही. त्या केवळ भरवशावर घ्याव्या लागतात. डेंटिंग-पेंटिंग हा असाच भरवशाचा माल आहे. म्हणून तो निवडताना चकाकीकडे पाहून चालत नाही. जे झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी पाहावे लागते.

तेव्हा आधी पोचा म्हणजे काय ते पाहू. मोटारीच्या दरवाजाचा पोलादी पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला हलका धक्का बसला तर तो वाकतो आणि परत जागेवर येतो. धक्का मोठा असेल तर पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा आपण होऊन परतत नाही. शिवाय मुख्य खड्ड्याभोवती पत्र्याला कुठे तरी उंचवटा येतो. अडाणी माणूस खड्ड्याच्या मधोमध हातोडा मारतो. जाणता कारागीर आधी उंचवटे बसवतो आणि शेवटी मधल्या खड्ड्याकडे येतो. म्हणजे अपघाताने पत्रा ज्या क्रमाने बिघडवला त्याच्या उलट क्रमाने तो सरळ करतो. एका बाजूने हातोडी, दुसऱ्या बाजूने हातात धरलेला लोखंडी ठोकळा, ज्याला गॅरेजमध्ये ‘डॉली’ म्हणतात, आणि मधे पत्रा. आतून हात पोहोचत नसेल तर बाहेरून छोट्या चकत्या वेल्ड करून पत्रा ओढून घेतात. मधून मधून तो डोळे बाजूला ठेवून तळहात लांब फिरवतो. डोळ्यांना न दिसणारी लाट हाताला लागते.

पत्रा असा सरळ झाल्यावर जो थोडा खडबडीतपणा उरतो त्यासाठी लांबी असते, म्हणजे पुट्टी. लांबी ही वाईट वस्तू आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा पातळ थर हा या कामाचा रीतसर भाग आहे. वाईट गोष्ट आहे ती पत्रा न ठोकता खड्डाच लांबीने बुजवणे. बोटभर लांबी भरून, घासून, वर रंग मारला की गाडी संध्याकाळी नवी दिसते. पण उन्हाने तापल्यावर पत्रा आणि लांबी सारख्या प्रमाणात पसरत नाहीत. खड्ड्यातून गाडी जाताना पत्रा थरथरतो, लांबी थरथरत नाही. वर्ष-सहा महिन्यांत तिला बारीक चीर जाते. शिवाय ही लांबी पाणी शोषते. ओला कागद वापरून ती घासली आणि पुरती वाळू न देता वर रंग चढवला, तर ते पाणी आत अडकते आणि पुढे रंगाला फोड येतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो, आणि कोकणात तर विचारूच नका, की पावसाळ्यात हे काम करणाऱ्याने वाळवण्यासाठी जास्तच वेळ मागितला पाहिजे. “टाका सकाळी, न्या संध्याकाळी” असे कुणी श्रावणात म्हणाला, तर ते कार्यक्षमतेचे लक्षण समजू नये.

रंगाचीही गोष्ट अशीच. कारखान्यातून आलेल्या गाडीवर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, असे चार थर असतात. आणि या सगळ्यांची मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. कारखान्यात हे थर मोठ्या भट्टीत भाजून काढतात. गाडी एकदा तयार झाली की तिच्यात वायरी, प्लास्टिक, रबर आले. तिला तितकी उष्णता देता येत नाही. म्हणून दुरुस्तीत हार्डनर मिसळून घट्ट होणारा रंग वापरतात आणि चांगल्या गॅरेजमध्ये तो बंद खोलीत साठेक अंश सेल्सियसवर अर्धा-पाऊण तास सुकवतात. विजेवर चालणारी गाडी असेल तर तिच्या बॅटरीला किती उष्णता चालते याची मर्यादा कंपनीने दिलेली असते, ती पाळावी लागते. इतके सांगण्याचा हेतू हा, की “कारखान्यासारखाच रंग करून देतो” असे म्हणणारा माणूस थोडे जास्त बोलतो आहे. “कारखान्याच्या जवळपास नेतो, पण मेटॅलिक रंग आहे, शेजारच्या पत्र्यावर थोडा पसरवून मिळवून घ्यावा लागेल,” असे म्हणणारा खरे बोलतो आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. समजा, तुमच्या पाच वर्षांच्या गाडीचा डावीकडचा मागचा दरवाजा आत गेला आहे. तुम्ही तीन ठिकाणी गेलात. नाक्यावरचा कारागीर म्हणाला साडेचार हजार. मोठ्या गॅरेजवाल्याने सात हजार सांगितले. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने दरवाजा बदलून अठरा हजारांचा कागद दिला. यात चोर कोण? कदाचित कुणीच नाही. पहिला पत्रा ठोकून, लांबी लावून, आडोशाला रंग मारणार आहे. दुसरा तेच काम करून बंद खोलीत रंग देणार आहे. तिसरा दरवाजाच बदलणार आहे, कारण त्याच्याकडे ठोकणारा कारागीर उरलेला नाही किंवा त्याला वेळ परवडत नाही. आकडे निराळे, कारण कामेच निराळी आहेत. म्हणून एकूण रकमेची तुलना करू नये. कागद ओळीओळीने लिहून मागावा. पत्राकामाची मजुरी किती, रंग किती भागांना आणि कोणत्या प्रकारचा, नवे भाग कोणते, ते कंपनीचे की बाहेरचे, किती दिवस, आणि कामाची हमी किती महिन्यांची. जो हे लिहून देतो त्याने स्वतःला बांधून घेतले. जो म्हणतो, “साहेब, लिहायचं कशाला, विश्वास नाही का?” त्याला आपण शांतपणे म्हणावे, “विश्वास आहे, म्हणूनच लिहून मागतो.”

ठोकायचे की बदलायचे, याला एक सोपा ठोकताळा आहे. दरवाजा, बॉनेट, डिकीचे झाकण, पुढचे मडगार्ड हे भाग बहुतेक गाड्यांत बोल्टांनी बसवलेले असतात. ते फारच चेंगरले तर बदलले म्हणून गाडीच्या सांगाड्याला धक्का लागत नाही. पण मागच्या चाकावरचा पत्रा, छत, दरवाजांमधले खांब, दरवाजाखालची पट्टी हे सांगाड्याला वेल्ड केलेले असतात. ते बदलायचे म्हणजे कापायचे आणि पुन्हा जोडायचे. कारखान्याचे जोड आणि त्यांवरचा गंजरोधक लेप दोन्ही मोडायचे. तेथे शक्य तोवर ठोकून सरळ करणेच बरे, आणि कापावेच लागले तर जोडाला आतून गंजरोधक मेण मारणार का, हे विचारावे. आणखी एक. पोचा गोलसर असेल, धारेवर नसेल आणि रंग फुटलेला नसेल, तर आतून सळईने हळूहळू दाबत, रंगाला हात न लावता तो काढता येतो. मोठ्या शहरांतून हे काम करणारे आता मिळतात. ज्या गॅरेजवाल्याने तुमच्या अशा पोच्याकडे पाहून “याला रंगाची गरज नाही, तुम्ही अमक्याकडे जा,” असे सांगितले आणि स्वतःचे गिऱ्हाईक सोडले, त्याचा पत्ता वहीत लिहून ठेवा. पुढच्या मोठ्या कामाला त्याच्याकडेच जावे.

गॅरेज पाहायला जाताना सकाळी कामाच्या वेळी जावे. ऑफिसातल्या खुर्च्या आणि चहाचे यंत्र पाहू नये. अर्धवट झालेल्या गाड्या पाहाव्यात. राखाडी प्रायमरमधल्या एखाद्या गाडीवर हात फिरवू द्याल का, असे विचारावे. लांबी किती जाड लावली आहे हे त्या अवस्थेतच दिसते. रंग देताना काचा, रबर, चाके कागदाने नीट झाकली आहेत का, की रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत? खोललेले बोल्ट डब्यात नाव घालून ठेवले आहेत, की जमिनीवर पसरले आहेत? नाना पेठेतला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एखादा कारागीर पत्र्याच्या शेडमध्ये बसूनही असा नेटका असतो, आणि एखाद्या काचेच्या इमारतीच्या मागच्या अंगाला भलताच गोंधळ असतो. जागेचे भाडे आणि कामाचा कस यांचा संबंध आपण समजतो तितका नाही.

आणखी एका गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. रंग मारणाऱ्या मुलाच्या तोंडावर काय आहे ते पाहा. या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांचा फवारा छातीत गेल्याने दमा होतो, आणि एकदा शरीराला त्यांचे वावडे जडले की नंतर अगदी थोड्या वासानेही धाप लागते. नाकाला बांधलेला रुमाल किंवा साधा कागदी मुखवटा त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी योग्य श्वसनयंत्र आणि हवा खेचून घेणारी खोली लागते. श्रोतेहो, आपल्या गाडीच्या रंगात आपल्याला आपले तोंड दिसावे म्हणून कुणाच्या छातीचे मोल द्यावे लागू नये. ही दयेची बाब आहेच. पण हा व्यवहारही आहे. रोज डोळ्यांसमोर खोकणाऱ्या मुलाची ज्याला पर्वा नाही, तो तुमच्या गाडीच्या आतल्या, कधीच न दिसणाऱ्या खांबाची पर्वा करील, असे कशावरून मानायचे?

खांबाचा उल्लेख आला, म्हणून सांगतो. पोचा हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक वर्षे धावलेली काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निरोप घेऊन गेली. तिचा पत्रा नाक्यावर ठोकून सरळ केला की काम झाले, असे मानले जाई. आजच्या गाडीचा सांगाडा प्रवाशांना वाचवण्यासाठी हिशेबाने बांधलेला असतो. पुढचा-मागचा भाग चेंगरावा आणि मधला पिंजरा टिकावा, अशी रचना असते. या पिंजऱ्यात फार कणखर पोलाद वापरतात. ते गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केले की दिसायला सरळ होते, पण त्याचा कणखरपणा जातो. बंपर वरून प्लास्टिकचा. तो दाबला तर फुगून परत येतो, आणि मागची आडवी पट्टी मात्र वाकलेली राहते. नव्या गाड्यांत बंपरच्या मागे किंवा काचेच्या आत रडार आणि कॅमेरे असतात. ते किंचित तिरके बसले तर ब्रेक भलत्या वेळी लागतील किंवा लागायचे तेव्हा लागणार नाहीत. तेव्हा धक्का जोराचा असेल तर तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. बंपर काढून आतले पाहिले का? सांगाड्याचे माप घेतले का? सेन्सर पुन्हा जुळवणार का? आणि चाकांचा कोन तपासून त्याचा छापील कागद मागावा. या कामांची साधने नसतील, तर प्रामाणिक माणूस “हे माझ्याकडे होणार नाही” असे म्हणतो. “नाही” म्हणता येणे ही या धंद्यातली फार मोठी पदवी आहे.

आता विम्याविषयी. पहिला नियम असा, की मोठे नुकसान असेल तर कंपनीला कळवण्यापूर्वी आणि सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी गाडी खोलू देऊ नये; छायाचित्रे काढून ठेवावीत. ज्या गॅरेजशी विमा कंपनीचा करार आहे तेथे पैसे कंपनी परस्पर देते, ही सोय आहे, सक्ती नाही. दुसऱ्या ठिकाणी काम करून पैसे परत मागता येतात. सर्वसाधारण पॉलिसीत रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, रंगाच्या साहित्यावर ५० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. काचेवर कापत नाहीत. शिवाय पहिले एक हजार रुपये, आणि १५०० सीसीच्या वरच्या गाडीला दोन हजार, आपण सोसायचे असतात. घसारा न कापणारी पॉलिसी जास्त हप्ता भरून मिळते.

पण लहान पोच्यासाठी दावा करावा का? येथे थोडे गणित करू. दावा न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात सवलत मिळते. ती पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के होते. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता आठ हजार आहे आणि तुम्हाला ५० टक्के सवलत आहे. म्हणजे तुम्ही चार हजार भरता. दावा केला की सवलत शून्य. मूळ हप्ता तोच धरला, तर पुढच्या वर्षी तुम्ही चार हजार जास्त भराल, त्याच्या पुढच्या वर्षी २,४००, मग २,०००, मग १,२००, मग ४००. बेरीज दहा हजार. म्हणजे साडेचार हजारांच्या कामासाठी, घसारा आणि पहिला हजार वजा जाऊन तीनएक हजार हातात येणार, आणि त्यासाठी पाच वर्षांत दहा हजार जाणार! जो गॅरेजवाला हे गणित स्वतः होऊन तुम्हाला सांगतो, तो आपला माणूस.

दुसराही एक प्रकार असतो. तो आवाज खाली आणून म्हणतो, “साहेब, क्लेम टाकतोच आहोत, तर मागचा जुना ओरखडाही त्यातच बसवू का? कंपनीचेच पैसे.” येथे आपल्यातली पुष्कळ सज्जन माणसे मान हलवतात. माझे म्हणणे असे, की याच क्षणी गाडी तेथून काढावी. खोट्या तपशिलामुळे आपला सबंध दावा फेटाळला जाऊ शकतो, हे एक कारण. कंपनीचे पैसे म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनी भरलेले हप्तेच असतात, हे दुसरे. पण सर्वांत मोठे कारण साधे आहे. जो माणूस तुमच्यासमोर, तुमच्या फायद्यासाठी तिसऱ्याला फसवायला तयार होतो, त्याने आपल्या हिशेबाची पद्धत तुम्हाला दाखवून दिली आहे. उद्या तुमची पाठ वळली की तिसरे माणूस तुम्हीच असता. आणि आपण मान हलवली, तर त्याला बोल लावण्याचा आपला अधिकारही तेथेच संपतो.

गाडी परत घ्यायची ती दिवसाउजेडी घ्यावी. दिव्याखाली एक दिसणारे दोन रंग उन्हात निराळे दिसतात, मग ते अगदी पांढरे असले तरी. दुरुस्त पत्रा आणि शेजारचा पत्रा तिरक्या नजरेने पाहावा. त्यात समोरच्या खांबाचे किंवा तारेचे प्रतिबिंब वळवळत नाही ना, ते पाहावे. दरवाजा एका बोटाने लागतो का, सगळ्या फटी सारख्या आहेत का, काच खाली-वर होते का, पाण्याचा पाइप मारला तर आत पाणी येते का, हे तपासावे. एक छोटे लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दुरुस्त जागी लावावे. शेजारच्या पत्र्याला ते धरते आणि येथे गळून पडते, तर लांबी जाड आहे. मात्र बंपर प्लास्टिकचा असतो आणि काही गाड्यांचे बॉनेट ॲल्युमिनियमचे. तेथे चुंबक लागतच नाही, म्हणून उगाच भांडू नये. बदललेले जुने भाग आणि नव्या भागांचे खोके दाखवायला सांगावे. आणि नवा रंग आहे तोवर महिनाभर त्याला मेण-पॉलिश लावू नये.

पक्के बिल मात्र घेतलेच पाहिजे. “बिल नको असेल तर थोडे कमी करतो,” हा मोह पुष्कळांना होतो. पण तो वाचलेला पैसा म्हणजे आपण विकलेली आपली हमी असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हे सारे शेवटचे उपाय. आधी माणसाशी बोलावे. चांगला कारागीर आलेला फोड पाहून स्वतःच खजील होतो आणि पुन्हा करून देतो.

आता शेवटी आपल्याविषयी थोडे. भरवशाचे गॅरेज कुठे आहे, असे आपण विचारतो, तेव्हा भरवशाचे गिऱ्हाईक कुठे आहे, असे गॅरेजवालाही मनात विचारत असतो. आपण साडेचार हजारांचे काम घासाघीस करून अडीच हजारांवर आणतो आणि समजतो की आपण दोन हजार वाचवले. कारागीर तर तोटा सोसून काम करणार नाही. मग तो ते दोन हजार कुठून काढतो? वाळवण्याच्या एका दिवसातून, प्रायमरच्या एका थरातून, पत्रा ठोकण्याच्या तीन तासांतून. जे दिसत नाही तेच कापले जाते. अकरलॉफने सांगितलेले तेच होते: सगळ्यांना सारखाच कमी भाव दिला की नीट ठोकणारा कारागीर बाजारातून निघून जातो, त्याचा मुलगा हातोडी हातात धरत नाही, आणि मग आपण म्हणतो, हल्ली चांगले कारागीर राहिले नाहीत. त्यांना घालवण्यात आपला हात होता, हे मात्र आपण विसरतो.

आणि ही गाडी कायम आपल्याजवळ राहणार नाही. चार-पाच वर्षांनी ती कुणी तरी विकत घेईल. कदाचित पहिलीच गाडी घेणारा एखादा तरुण शिक्षक असेल. मागच्या आसनावर त्याची आई आणि मुले बसतील. ज्या खांबावर आपण लांबी भरून घेतली, त्या खांबाच्या भरवशावर ती माणसे घाटातून जातील. रंगाखाली काय आहे ते त्यांना कधीच दिसणार नाही. ते आज फक्त दोघांना दिसते, कारागिराला आणि त्याने दाखवावे असा आग्रह धरला तर आपल्याला. तो आग्रह धरावा, आणि त्याचे योग्य मोल द्यावे, इतके सांगून मी आपली रजा घेतो.